अबोल कामगिरी

शत्रूच्या हाती पडला तरी त्याला वाचता येऊ नये, म्हणून राज्यकारभारातील महत्त्वाचा संदेश गूढलिपीत लिहितात. शत्रूचे असे संदेश उलगडण्यासाठी सरकारला या विद्येतील जाणकारही पदरी ठेवावे लागतात. अमेरिकेत या विद्येचा पाया घालणाऱ्यांत एलिझेबेथ फ्रीडमन यांची गणना होते.

एलिझेबेथचा जन्म २६ ऑगस्ट १८९२ रोजी इंडियाना राज्यातील हंटिंग्टन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलीने महाविद्यालयात जावे, हे वडिलांना पसंत नव्हते. तिचा निर्धार पाहून त्यांनी अखेर पैसे दिले. पण तेही कर्जाऊ, शेकडा सहा दराच्या व्याजाने! इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करून ती १९१५ साली पदवीधर झाली.

पुढील वर्षी जॉर्ज फेबियन या धनिकाने तिला आपल्या रिव्हरबँक येथील संशोधनसंस्थेत नेले. शेक्सपिअरची नाटके वस्तुतः फ्रान्सिस बेकनने लिहिली असून तशी गुप्त खूण छापील अक्षरांत दडलेली आहे, असा तेथे समज होता. ती खूण शोधण्याचे काम एलिझेबेथकडे आले. परंतु बारकाईने पाहता ती खूण मुळात नाहीच, अशी तिची खात्री झाली. विल्यम फ्रीडमन या सहकाऱ्याचेही तेच मत झाले. १९१७ साली दोघे विवाहबद्ध झाले.

त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. सरकारपाशी गूढलिपी जाणणारे लोक फारच थोडे होते. म्हणून संदेश रिव्हरबँकला येऊ लागले. लष्करी अधिकाऱ्यांनाही या दांपत्याने ही विद्या शिकवली. भारताच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत झटणाऱ्या क्रांतिकारकांची सांकेतिक पत्रेही रिव्हरबँक येथेच उलगडली गेली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात ती त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. विद्या ज्याच्या हाती असेल, त्याचेच काम करते!

गूढलिपी उकलणे ही जादू नव्हे. इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत अधिक वेळा येते. त्याच्या जागी दुसरे अक्षर योजले, तर तेच वारंवार दिसू लागते. कोणते अक्षर किती वेळा आले, कशापाठोपाठ आले, हे मोजत व ताडून पाहत एकेक शब्द हाती येतो. त्याला हवी तीक्ष्ण बुद्धी आणि तितकीच चिकाटी.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. चोरटी दारू आणणारी जहाजे सांकेतिक बिनतारी संदेश पाठवीत. तटरक्षक दलासाठी एलिझेबेथबाईंनी असे हजारो संदेश उलगडले. १९२९ साली या दलाने कॅनडाचे निशाण लावलेले ‘आय ॲम अलोन’ हे जहाज बुडवले, तेव्हा कॅनडाने भरपाई मागितली. बाईंनी उलगडलेल्या तारांमुळे जहाजाचे खरे मालक अमेरिकनच असल्याचे उघड झाले. खटल्यांत साक्ष देताना वकिलांनी शंका घेतल्या, तर त्या आपली रीत न्यायालयात शांतपणे समजावून देत.

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतील जर्मन हेर जहाजांच्या हालचाली बिनतारी यंत्रावरून कळवीत असत. बाईंच्या पथकाने त्यांची एनिग्मा यंत्रावर रचलेली गूढलिपीही उकलली आणि त्या हेरांची जाळी उद्ध्वस्त झाली. लोकांपुढे मात्र या यशाचे श्रेय एफ. बी. आय. या तपासखात्याने घेतले. गुप्ततेच्या शपथेने बांधलेल्या बाईंनी अवाक्षर काढले नाही. त्यांच्या पथकाची कागदपत्रेही गुप्त ठेवण्यात आली.

३१ ऑक्टोबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे ते कागद खुले झाले आणि त्यांच्या कार्याची थोरवी जगाला कळली. २०१९ साली अमेरिकेच्या सिनेटने ठराव करून त्यांचा गौरव केला. ज्या कामाचे श्रेय मागण्याचीही मुभा नव्हती, ते त्यांनी सुमारे तीस वर्षे चोख बजावले होते.