फाळक्यांच्या अयोध्येचं मागचं दार

हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर रावण जळताना बघायची सवय आपल्याला. म्हणूनच की काय, गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने ‘सिनेमातली शहरं’ असं प्रदर्शन ठरवलं तेव्हा नुसती भिंतीवर चित्रं नकोत, बघणाऱ्याने त्या शहरातून चालत जायला हवं, असा सगळ्यांचाच हट्ट. पहिलं दालन दादासाहेब फाळक्यांचं. ते माझ्याकडे आलं.

फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, फोटो काढले, छापखाना काढला. गोध्र्याला असताना प्लेगने बायको आणि मूल नेलं. पुढे मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि या माणसाला दुसरं काही सुचेना. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला. दादरच्या बंगल्याच्या आवारात रंगवलेले पडदे उभे केले, की झाली हरिश्चंद्राची अयोध्या! ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ साली तर लंकाच पेटवली त्यांनी.

मीही मांडवात जुन्या साड्यांचा महाल उभा केला. पण डोळ्यांपुढे सारख्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी, सरस्वतीबाई. अंगावरचे दागिने त्यांनी काढून दिले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. शूटिंगला ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहायचं. रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, फिल्म धुवायची. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके साडी नेसले. कॅमेऱ्यामागे मात्र बाई होतीच की!

म्हटलं, लोकांना आधी मागच्या दाराने घ्यायचं. काळोखी खोली, एक लाल दिवा, हाताला लागेल अशी फिल्मची पट्टी, पलीकडून फोडणीचा वास. तिथून पुढे महाल. मंडळात वाद झाला. लोक राजवाडा बघायला येतात, अंधारात पोरं रडतील, असं अध्यक्षीणबाईंचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. दोन-तीन पोरं रडलीच.

आमच्या सासूबाई त्या खोलीत शिरल्या आणि बाहेर येईनात. फिल्मच्या पट्टीवरून बोट फिरवत एकेक भोक मोजत होत्या. मागे रांग खोळंबली, पुढे अयोध्या ओस! शेवटी अध्यक्षीणबाईच त्यांना आणायला आत गेल्या, आणि त्याही तिथेच थांबल्या. पुढच्या खेपेला खोली मोठी करायची ठरली आहे.