विश्लेषण : खासगी मालकाने केलेला भेदभावही गुन्हा ठरावा, ही डॉ. आंबेडकरांची मागणी कुठे राहिली?

सोलापूर सोडले की थोड्याच वेळात होटगी जंक्शन येते. इथून एक फाटा विजापूरमार्गे गदगकडे जातो, तर मुख्य मार्ग वाडीकडे. हा मुख्य मार्ग इंग्रजांच्या काळात जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचा. या रेल्वेत कुणाला कोणते काम मिळेल हे पुष्कळदा जातीवर ठरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपीतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्याचा पाढाच वाचला.

पोर्टरची नोकरी का नाकारली जाई?

डॉ. आंबेडकरांनी मांडलेले सर्वांत बोचरे उदाहरण पोर्टरचे होते. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून रुळांवर राबे आणि तिथेच म्हातारा होई. पोर्टर होण्यासाठी फार शिक्षण लागत नव्हते. पण लहान स्टेशनांवर पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागत. मास्तर सवर्ण असला की घरात अस्पृश्याचा वावर चालत नसे. म्हणजे घरचा विटाळ रेल्वेच्या नोकरभरतीचा नियम होऊन बसला होता. कारखान्यांतही तेच. हमाली मिळे, मेकॅनिकची जागा क्वचित, फोरमनची नाहीच.

कापड गिरण्यांमध्ये जास्त मजुरीचे विणकाम खाते बंद असे. तिथे धोट्यात नवी कांडी घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार हाती घेत नसत. अडवणूक मालकाची होती, तशी सहकाऱ्यांचीही होती. कामगार संघटनांना हे ऐकायला आवडत नसे, तरी १९२८च्या गिरणी संपाच्या काळात त्यांनी हा प्रश्न लावून धरला.

त्यांना स्वतःला काय सोसावे लागले?

करारानुसार १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर त्यांनी नोकरीच सोडली. पुढच्या वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथेही पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकारी कुरकुरले.

सत्तेत आल्यावर काय केले?

मुंबई विधिमंडळात त्यांनी १९२८ मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा झाली ती याच काळात. केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी १९४३ मध्ये साडेआठ टक्क्यांच्या आसपास जागा राखीव झाल्या.

याच कारकिर्दीतला एक निर्णय मात्र अडचणीचा. युद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी सरकारने १९४३ मध्ये उठवली. देशात आणि परदेशात टीका झाली. स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळते, असा बचाव त्यांनी सभागृहात केला. समान मजुरीचे तत्त्व मान्य झाले खरे, पण ते जमिनीच्या पोटात उतरवून. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

मग मागणी नेमकी कोणती होती?

संविधान सभेपुढे मांडण्यासाठी त्यांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे एक निवेदन तयार केले. ते १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. वंश, पंथ किंवा सामाजिक दर्जावरून सरकारी अधिकाऱ्याने अथवा कारखाना आणि व्यापारी पेढीच्या खासगी मालकाने भेदभाव केला, तर तो गुन्हा मानावा आणि असे खटले स्वतंत्र न्यायाधिकरणाने चालवावेत, असे त्यात होते.

त्याच वर्षी ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. पण संविधानात समान संधीचे कलम १६ आले ते सरकारी नोकरीपुरते. सार्वजनिक हॉटेलात चहा प्यायला येणाऱ्याला जातीवरून अडवता येत नाही, ते कलम १५मुळे. त्याच हॉटेलात काम मागणाऱ्याला कलम १६चा आधार नाही.

आज मालकावर काय बंधन आहे?

होटगी स्टेशनवरची रेल्वेची नोकरी किंवा जवळच्या फताटेवाडीतील एनटीपीसी या सरकारी कंपनीची थेट भरती कलम १६खाली येते. खासगी मालकाला वेगवेगळे कायदे लागू होतात. समान वेतनाचा कायदा १९७६चा, आता २०१९च्या वेतन संहितेत सामावलेला. प्रसूती लाभाचा १९६१चा कायदा, आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेला, ज्यात २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती हवी. अपंगांसाठी समान संधीचे धोरण २०१६च्या कायद्याने खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे.

जातीचे काय? अस्पृश्यतेच्या कारणावरून काम नाकारणे हा नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मूळ कायदा १९५५चा, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या हयातीतला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असा गुन्हा घडला, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्यामागे अस्पृश्यताच होती, असे न्यायालय गृहीत धरते. अर्जाला उत्तरच न देणारा मालक सहसा कारण लिहून देत नाही. सर्व प्रकारच्या भेदभावासाठी खासगी मालकांना लागू होणारा एकच कायदा आणि त्यासाठीचे वेगळे न्यायाधिकरण देशात अजून झालेले नाही.