समजून घ्या : खाणीत कॅनरी नेण्याचा सल्ला देणारे हॉल्डेन आणि आजचा गॅस डिटेक्टर

सेप्टिक टँकमध्ये एक कामगार उतरतो आणि बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. अशा बातम्या आपण वारंवार वाचतो. आत उतरण्याआधी हवा तपासायची कशी, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी धसास लावला तो जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी.

कोण होते हॉल्डेन?
जन्म १८६० चा, एडिनबर्गचा. शिक्षणाने डॉक्टर, पण दवाखान्यापेक्षा त्यांना हवेच्या अभ्यासात रस होता. डंडी शहरातील गरिबांच्या घरांतली आणि शाळांतली हवा त्यांनी तपासली. पुढे ऑक्सफर्डमध्ये संशोधन करताना स्वतःच विषारी वायू हुंगून ते त्याचे परिणाम टिपून ठेवत.

१८९६ मध्ये काय घडलं?
वेल्समधील टायलर्सटाउन कोळसा खाणीत जानेवारीत स्फोट झाला. त्यात ५७ जण दगावले. मृतदेह तपासल्यावर हॉल्डेन यांना दिसलं, की बहुतेकांचा जीव स्फोटाने नाही, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

मग कॅनरीच का?
छोट्या जिवांचा श्वास जलद चालतो. त्यामुळे विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी दिसतो. पक्षी दांडीवरून कोसळला, की कामगारांना बाहेर पडायला काही मिनिटं मिळत. हॉल्डेन यांनी सुचवलेला हा उपाय ब्रिटिश खाणींत १९८६ पर्यंत टिकला. त्यानंतर पक्ष्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली.

मुलाला दिलेला धडा
लहानग्या जॅकला त्यांनी खाणीत उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. मुलाला धाप लागली, तो खाली पडला आणि तिथे त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साठतो, हे तो कायमचं शिकला. हाच जॅक म्हणजे पुढे भारतात स्थायिक झालेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. त्यांचं निधन १९६४ मध्ये भुवनेश्वरला झालं.

१९१५ मध्ये युद्धभूमीवर सोडलेला वायू क्लोरिन असल्याचं ओळखण्यासाठीही हॉल्डेन यांनाच पाठवण्यात आलं. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

तुमच्या कामाच्या ठिकाणी डिटेक्टर हवा का?
हे तीन प्रश्न विचारा.
१. जागा बंदिस्त आहे का? टाकी, मॅनहोल, विहीर, जनरेटर असलेलं तळघर?
२. तिथे काही जळतं, कुजतं किंवा गळू शकतं का?
३. वायू वासावरून कळेल, अशा भरवशावर आहात का? सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल, तर नाकच बधिर करतो.

एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर आधी मोजा, मग उतरा. मोजणी वर, मध्ये आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी करा. आत कोणी पडलंच, तर तसंच मागोमाग उतरू नका, मदत बोलवा.