टिळकांचे वाया गेलेले वर्ष

महाविद्यालयांचे निकाल लागले, की घोडबंदरसारख्या खाडीकाठच्या गावातून ठाण्यास वा मुंबईस शिकावयास जाणाऱ्या मुलांपैकी एखाद्याच्या घरी शोककळा पसरते. मुलगा गणितात गेला. आता शाखा बदलावी की नोकरी पाहावी, याचा खल सुरू होतो. त्याच घराच्या भिंतीवर लोकमान्यांची तसबीर असली, तरी त्यांच्या पहिल्या वर्षाच्या निकालाचे स्मरण कोणास होत नाही.

तो निकाल प्रतिकूल होता. १८७२ साली वडील गंगाधरपंत निवर्तले. ते स्वतः शिक्षक, गणिताचे व संस्कृतचे जाणकार. त्याच वर्षी बळवंतराव मॅट्रिक झाले आणि १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले. प्रकृती तोळामासा, म्हणून पहिले वर्ष त्यांनी तालमीत व पोहण्यात घालविले. अभ्यास मागे पडला व परीक्षा हुकली. हे वर्ष त्यांनी जाणूनबुजून खर्चिले, हे खरे. पण चुलते गोविंदरावांचा आधार पाठीशी होता, हेही विसरता कामा नये. आजच्या कारकुनाच्या मुलास एक वर्ष गमावणे इतके सोपे नाही.

पुढे त्यांना केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा गुरू लाभला. छत्र्यांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. गणित आणि ज्योतिष मात्र हाडीमांसी खिळलेले होते. त्यांच्या हाताखाली नापास विद्यार्थी गणित घेऊन बी. ए.ला पहिल्या वर्गात आला. एवढ्यावर ही कथा संपती, तर ती शालेय पुस्तकात शोभली असती. परंतु गणितातील एम. ए. टिळकांच्या पदरात अखेरपर्यंत पडली नाही. १८७९ साली ते एल्‌एल. बी. झाले.

त्यांनी गणित सोडले मात्र नाही. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे १८९० पर्यंत फर्ग्युसनमध्ये त्यांनी ते शिकविले. उदाहरणे तोंडीच सोडवीत, फळ्याकडे फारसे वळत नसत. त्यामुळे मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांची तारांबळ उडे. स्वतः एकदा नापास झालेल्या शिक्षकाने थोडा खडू झिजवावयास हवा होता, असे आम्हांस वाटते. वसंतसंपात मृगशीर्षात असण्याचा काळ हिशेबाने मांडून वेदांचे वय ठरविणारा त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष आज विद्वानांस सर्वस्वी मान्य नाहीत; आकडेमोडीची चिकाटी मात्र पानोपानी दिसते. स्वराज्य आल्यावर आपण पुन्हा गणिताचे अध्यापक होऊ, असे ते म्हणत, अशी आठवण सांगतात. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले, तेव्हा स्वराज्यास सत्तावीस वर्षे अवकाश होता.