बायोस हा शब्द देणारा माणूस

नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना एक गंमत होते. पीसी डीएचसीपीकडून आयपी घेतो, टीएफटीपीने बूट इमेज उतरवून घेतो आणि सेटअप सुरू झाला की म्हणतो, नेटवर्क कार्ड सापडत नाही! अरे, मग इथवर आलास कसा? तर सुरुवातीचं काम कार्डाच्या रॉममधल्या प्रोग्रॅमने केलेलं असतं. सेटअपला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो बूट इमेजमध्ये घातला की झालं, अख्खी सिस्टिम बदलावी लागत नाही. पर्सनल कॉम्प्युटरच्या जगात ही सोय रुजवण्याचं मोठं श्रेय गॅरी किल्डॉल यांना जातं.

किल्डॉल यांचा जन्म १९४२ साली अमेरिकेतल्या सिअॅटलचा. १९७२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. माँटेरीला नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते शिकवत. १९७४ मध्ये त्यांनी इंटेलच्या ८०८० प्रोसेसरसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली आणि पत्नी डोरोथी यांच्यासोबत कंपनी काढली. तीच पुढे डिजिटल रिसर्च म्हणून गाजली.

पण प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, फ्लॉपीचा कंट्रोलर वेगळा. दर वेळी सिस्टिममध्ये हात घालायचा म्हणजे डोकेदुखीच! इम्साई कंपनीच्या मशीनवर सीपी/एम बसवताना त्यांनी हार्डवेअरशी बोलणारा भाग बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवीन मशीन आलं की तेवढाच तुकडा नव्याने लिहायचा. मोठ्या कॉम्प्युटरवर असे वेगळे भाग आधीही होते, पण छोट्या मशीनवर यामुळे एकच सिस्टिम अनेक कंपन्यांकडे चालू लागली.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं त्यांच्या दारात आली, पण करार जमला नाही. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या कंपनीकडून सीपी/एमच्याच वळणाची सिस्टिम घेऊन आयबीएमला दिली. पुढे आयबीएम पीसीसाठी सीपी/एम-८६ सुद्धा मिळू लागली, पण २४० डॉलरला. डॉस ४० डॉलरला! निकाल काय लागला, हे सांगायला नकोच.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेलने विकत घेतली. १९९४ मध्ये, अवघ्या ५२व्या वर्षी, किल्डॉल गेले. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला त्यांच्या जुन्या ऑफिसपाशी आयईईईने फलक लावला.

बिल गेट्ससमोर हरलेला माणूस, एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. हा अन्याय आहे. सौदा हातचा गेला, पण हार्डवेअरचा भाग वेगळा ठेवायचा त्यांचा धडा डॉसनेही गिरवला. आज ड्रायव्हरची एक छोटी फाइल घालून आपलं काम होतं, तेव्हा त्यांची आठवण ठेवायला काय हरकत आहे?