दुर्गाबाई खोटे

चित्रपटात काम करणे हे कुलीन स्त्रीला अशोभनीय, अशी समजूत आपल्या समाजात एके काळी दृढमूल झाली होती. त्या काळी एका सुशिक्षित व प्रतिष्ठित घराण्यातील तरुणीने तो मार्ग पत्करला, लोकापवाद सोसला आणि सुमारे अर्धशतक त्या मार्गावर मानाने वाटचाल केली. त्या तरुणीचे नाव दुर्गाबाई खोटे. त्यांच्या चरित्राचा, विशेषतः त्यातील आरंभीच्या बिकट कालखंडाचा, अल्प परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

तो मार्ग किती बिकट होता, हे समजण्यासाठी आपणांस थोडे मागे गेले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास लुगडे नेसवून त्यांनी तारामती उभी केली. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात काम करण्याचे धैर्य दाखविले खरे; परंतु त्यांच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या स्त्रिया फार थोड्या निघाल्या. रंगभूमीवरही बहुतेक नाटक मंडळ्यांतून स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असत.

अशा काळात, १४ जानेवारी १९०५ रोजी, दुर्गाबाईंचा जन्म झाला. त्यांचे माहेरचे आडनाव लाड. वडील पांडुरंग शामराव लाड आणि आई मंजुळाबाई. हे कुटुंब मूळचे गोव्याचे. आपला दादरा-नगर हवेलीचा मुलूख १९५४ पर्यंत ज्या पोर्तुगीज सत्तेखाली होता, तीच सत्ता गोव्यावर १९६१ पर्यंत होती. लाड कुटुंब मात्र मुंबईस येऊन स्थायिक झाले होते. कांदेवाडीतील मोठ्या एकत्र कुटुंबात दुर्गाबाईंचे बालपण गेले. घरात कोकणी बोलली जाई. शिक्षण कॅथेड्रल हायस्कूलमध्ये इंग्रजीतून झाले. आणि पुढे कीर्ती मिळाली ती मराठी व हिंदी भाषांतून! मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली अशा अनेक भाषा रोज कानांवर पडणाऱ्या आपल्या सिल्वासाच्या विद्यार्थ्यांस यात एक सुंदर बोध सापडेल. अनेक भाषांचा सहवास हे ओझे नसून ती शिदोरी आहे.

शालेय शिक्षणानंतर दुर्गाबाई सेंट झेवियर महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे शिकत असतानाच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. सासरचे घराणे सुखवस्तू व सुधारक वळणाचे होते. यथावकाश दोन पुत्र झाले. आयुष्याची नाव आता संथ पाण्यातून चालणार, असेच कोणासही वाटले असते. पण दैवगती निराळी होती. खोटे घराण्यावर आर्थिक अरिष्ट कोसळले आणि सारे वैभव पाहता पाहता ओसरले. माहेरी हात पसरणे दुर्गाबाईंच्या स्वाभिमानी मनास रुचेना. त्यांनी शिकवण्या धरून चार पैसे मिळविण्याचा प्रयत्न केला; तथापि तेवढ्याने संसार चालण्यासारखा नव्हता. पुढे पतीचेही अकाली निधन झाले आणि मुलांचा सर्व भार त्यांच्यावर आला.

संकटाच्या या दिवसांत चित्रपटाचा प्रस्ताव पुढे आला, आणि तोही आडवळणाने. दिग्दर्शक मोहन भवनानी यांना आपल्या चित्रपटातील एका भूमिकेसाठी सुशिक्षित तरुणी हवी होती. प्रथम विचारणा झाली ती दुर्गाबाईंच्या भगिनी शालिनीबाई यांना. त्यांनी नकार दिला आणि दुर्गाबाईंचे नाव सुचविले. पैशांची निकड होती. दुर्गाबाईंनी होकार दिला. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या नावाने हा चित्रपट प्रकाशित झाला. भूमिका अगदी लहान होती, चित्रपट सामान्य प्रतीचा होता आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. एका नामांकित घराण्यातील मुलगी पडद्यावर आली, याचाच बोलबाला अधिक! निंदेचे घाव दुर्गाबाईंप्रमाणेच त्यांच्या आप्तांनाही सोसावे लागले. पुन्हा या वाटेला जाऊ नये, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

परंतु त्याच अपयशी चित्रपटातून एका गुणज्ञाची दृष्टी त्यांच्यावर गेली. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी आपला पहिला बोलपट काढण्याच्या तयारीत होती. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी दुर्गाबाईंना पाचारण केले, आणि भूमिका देऊ केली ती तारामतीची! एका फटक्याने पोळलेल्या मनाने पुन्हा धाडस करावे की नाही? दुर्गाबाईंनी धाडस केले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ प्रकाशित झाला. त्यात हरिश्चंद्राचे काम गोविंदराव टेंबे यांनी केले होते व संगीतही त्यांचेच होते. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटनटींना अभिनय करता करता स्वतःच गावे लागे. शिवाय हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला. एवढी सगळी कसोटी दुर्गाबाई उतरल्या. राजवैभव गमावून दास्य पत्करणारी, पण सत्त्व न सोडणारी तारामती त्यांनी अशी साकार केली की, काल निंदा करणारा समाज आज स्तुती करू लागला.

येथे आम्हांस एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. १९१३ साली ज्या तारामतीसाठी साऱ्या मुंबईत स्त्री मिळाली नव्हती, तीच तारामती एकोणीस वर्षांनी एका सुविद्य गृहिणीने साकारली. दुर्गाबाईंच्या यशाने अनेक सुशिक्षित स्त्रियांचा संकोच दूर झाला आणि चित्रपटव्यवसायाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी हळूहळू पालटू लागली.

यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्या काळी कलावंत एकाच कंपनीचे पगारी नोकर असत. दुर्गाबाई मात्र निरनिराळ्या संस्थांतून काम करू लागल्या. कलकत्त्यास जाऊन त्यांनी ‘राजरानी मीरा’ (१९३३) व ‘सीता’ (१९३४) या चित्रपटांत भूमिका केल्या. देवकी बोस यांनी दिग्दर्शित केलेला ‘सीता’ हा चित्रपट इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात दाखविला गेला. १९३६ च्या ‘अमर ज्योती’मध्ये त्यांनी सौदामिनी ही समुद्रावर सत्ता गाजविणारी चाचेस्त्री उभी केली. पोटच्या मुलापासून दूर केल्यामुळे अन्यायाविरुद्ध पेटून उठणारी ही स्त्री सहनशील तारामतीहून सर्वस्वी भिन्न होती. पुढच्याच वर्षी ‘साथी’ या चित्रपटाद्वारे त्यांनी निर्मितीच्या क्षेत्रातही पदार्पण केले. ‘पायाची दासी’ (१९४१), ‘भरत मिलाप’ (१९४२) आणि कन्हैयालाल मुन्शी यांच्या गुजराती कादंबरीवरील ‘पृथ्वीवल्लभ’ (१९४३) या चित्रपटांनी त्यांची कीर्ती वाढविली.

रंगभूमीचीही त्यांनी निष्ठेने सेवा केली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर ‘भाऊबंदकी’ नाटकातील त्यांची आनंदीबाई गाजली. वय वाढले तसा त्यांनी नायिकेचा हट्ट धरला नाही. मातेच्या भूमिका त्यांनी तितक्याच तन्मयतेने वठविल्या. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील पती व पुत्र यांच्या कलहात होरपळणारी जोधाबाई कोण विसरेल? ‘वागळे की दुनिया’ ही १९८८ साली घरोघरी आवडीने पाहिली गेलेली दूरदर्शन मालिकाही त्यांच्याच निर्मितिसंस्थेची होती.

सन्मान आपल्या पावलांनी चालत आले. १९६८ मध्ये ‘पद्मश्री’ आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा हा पुरस्कार! ‘मी दुर्गा खोटे’ या नावाने आत्मचरित्र लिहून त्यांनी आपली जीवनकथा मराठी वाचकांच्या स्वाधीन केली. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

पहिल्याच पावलाला ठेच लागली असता दुर्गाबाई घरी बसत्या, तर त्यांस दोष कोणी दिला नसता. उलट शहाणपणाच पदरी पडला असता. त्यांनी दुसरे पाऊल टाकले, यातच त्यांचे मोठेपण आहे. प्रत्येकास चित्रपटात जावयाचे नाही, हे खरे. पण उदरनिर्वाहासाठी प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम हलके नसते, आणि करणाऱ्याच्या शीलाने व कष्टाने त्या कामास प्रतिष्ठा येते, हे सत्य या चरित्राने आपणांस दाखवून दिले आहे. आमच्या विद्यार्थिनींनी तर ते अवश्य मनावर कोरून ठेवावे.