विश्लेषण : पितळेवर हुकूम चालवणाऱ्या राजाच्या पायात लोखंडी बेड्या का पडल्या?

'आयव्ही' या ब्रिटिश जहाजाच्या डेकवर एक राजा बसला आहे. मागे पहारेकरी उभे आहेत. अंगावरच्या लांब वस्त्राखाली, पायाच्या घोट्यांपाशी बेड्या दिसतात. हे छायाचित्र १८९७ मधले आहे. काही आठवड्यांपूर्वी याच घोट्यांवर पोवळ्यांचे कडे होते. हा राजा म्हणजे बेनिनचा ओबा ओवोनरामवेन.

कोणते बेनिन, कोणते एडो?

हे जपानमधले जुने एडो नव्हे आणि आजचा बेनिन हा देशही नव्हे. एडो लोकांचे बेनिन राज्य आजच्या दक्षिण नायजेरियात होते. त्यांच्या राजाला 'ओबा' म्हणतात. राजपुत्र इदुग्बोवा १८८८ मध्ये वडील ओबा अडोलो यांच्यानंतर गादीवर आला आणि त्याने ओवोनरामवेन हे नाव घेतले.

दागिने एवढे महत्त्वाचे का?

बेनिनमध्ये पितळ ही राजाची मक्तेदारी होती. ओतकामाची कामे इगुन एरोन्मवोन या कारागिरांच्या संघाकडे होती आणि ती ओबाच्या हुकमानेच होत. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओतायचे, अशी ही पद्धत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापारी आले. त्यांनी आणलेली धातूची कडी, म्हणजे 'मनिला', वितळवून कारागिरांना भरपूर धातू मिळू लागला.

पितळ गंजत नाही, म्हणून ते अढळ राजसत्तेचे प्रतीक. कड्यांवर आणि कमरेला लटकवायच्या पदकांवर बिबट्या असे. जंगलाच्या राजावरही ओबाचाच अंमल, हा त्याचा अर्थ. चिखलातला मासा पाण्यात आणि जमिनीवरही तगतो, तसा ओबा दोन्ही जगांत वावरतो. पोर्तुगीजांचे चेहरे म्हणजे समुद्रापलीकडून आलेली संपत्ती. सरदारांना अशी पदके ओबाकडून मिळत. ती कोणाच्या अंगावर आहेत, यावरून त्याचा दरबारातला मान कळे.

संघर्ष कशावरून पेटला?

पाम तेलासह सगळ्या व्यापारावर ओबाचे नियंत्रण होते. १८९२ मध्ये ब्रिटिशांनी त्याच्याशी करार केला, तरी व्यापार त्यांना हवा तसा खुला झाला नाही. १८९६ मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स फिलिप्सने ओबाला हटवण्याची परवानगी लंडनकडे मागितली. उत्तराची वाट न पाहता जानेवारी १८९७ मध्ये तो बेनिनकडे निघाला. राज्यात इगुए उत्सव सुरू असल्याने भेट पुढे ढकलावी, असे त्याला कळवले होते. वाटेत काही सरदारांनी त्याच्या तुकडीवर हल्ला केला. ओबाची त्याला संमती नव्हती, पण शिक्षा साऱ्या राज्याला झाली.

१८ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश फौजांनी राजधानी घेतली. नरबळीची प्रथा थांबवणे हेही या मोहिमेचे कारण म्हणून सांगितले गेले. राजवाडा जळाला. पितळेच्या आणि हस्तिदंताच्या हजारो वस्तू लुटल्या गेल्या आणि विकल्याही गेल्या. जगभरच्या संग्रहालयांत त्या 'बेनिन ब्राँझ' नावाने पोहोचल्या, तरी त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्षात पितळी आहेत.

ओबाचे पुढे काय झाले?

सुमारे सहा महिने तो जंगलात लपून राहिला. ऑगस्टमध्ये तो पोवळ्यांनी मढून शहरात परतला. डोक्यावरचा पोवळ्यांचा मुकुट इतका जड होता की सेवकांना आधार द्यावा लागत होता. त्याला सर्वांसमोर जमिनीवर कपाळ टेकवायला लावले गेले. चौकशीनंतर त्याला कालाबारला हद्दपार केले. जानेवारी १९१४ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी त्याचा मुलगा एवेका दुसरा गादीवर बसला आणि त्याने राजवाडा पुन्हा उभारला.

दागिने परतले का?

त्याचे मानले जाणारे पोवळ्यांचे मुकुट १९३८ मध्ये राजघराण्याला परत मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीने २२ वस्तू नायजेरियाला दिल्या. परत येणाऱ्या वस्तू कोणाच्या, हा वाद होताच. २०२३ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी त्यांची मालकी विद्यमान ओबांकडे दिली. ते ओबा, एवुआरे दुसरे, हे ओवोनरामवेनचे खापरपणतू.